बँकांना जास्त भांडवल ठेवायला लावलं तर त्या जोखीम कमी घेतात का? आणि ठेवींवरचं व्याज घटतं का?

जोखमीचं उत्तर बऱ्याच अंशी 'हो'. ठेवींचं मात्र गुंतागुंतीचं आहे.

भांडवल म्हणजे भागधारकांचा पैसा, रिझर्व्ह बँकेकडे बाजूला ठेवलेली रोकड नव्हे (ती सीआरआर, म्हणजे रोख राखीव प्रमाण). कर्ज बुडालं की आधी भागधारकांचा पैसा जातो, म्हणून हात आखडता राहतो. आपल्याकडे व्यापारी बँकांना जोखीमभारित (म्हणजे जोखमीनुसार कमी-जास्त धरलेल्या) कर्जांच्या किमान 9 टक्के आणि वर 2.5 टक्के बफर (जादा राखीव), असं 11.5 टक्के भांडवल लागतं. खरी मेख 'जोखीमभारा'त आहे. नोव्हेंबर 2023मध्ये रिझर्व्ह बँकेने वैयक्तिक कर्जांचा भार 100वरून 125 टक्के केला. म्हणजे 100 रुपयांच्या कर्जामागे साडेअकराऐवजी जवळपास 14 रुपये 38 पैसे अडकले. साहजिकच असं कर्ज बँकेला महाग पडू लागलं.

आता ठेवी. 5 लाखांपर्यंत विमा असलेला ठेवीदार ताळेबंद बघतोच कुठे? त्याला व्याजदर दिसतो. कोट्यवधी ठेवणाऱ्या कंपन्या मात्र बघतात, आणि भक्कम बँकेत थोडं कमी व्याजही चालवून घेतात. शिवाय कर्जवाटप मंदावलं की ठेवींसाठीची ओढाताणही कमी होते. तरीही रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) आणि बाजारातली रोखता (उपलब्ध पैसा) यांचा परिणाम याहून कितीतरी मोठा.

नियमाला पळवाटाही असतात. सरकारी रोख्यांचा जोखीमभार शून्य, पण व्याजदर वाढले की त्यांची किंमत पडतेच. अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक मार्च 2023मध्ये बुडाली ती अशाच 'सुरक्षित' रोख्यांपायी, आणि कागदावर तिचं भांडवल पुरेसं होतं.