सर्टिफिकेट मिळेना? आधी मिळालेली कुठे गेली ते पाहा

वेबसाइटचं कनेक्शन सुरक्षित करणारी सर्टिफिकेटं मोफत देणाऱ्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’ने मर्यादेचं कारण देऊन सर्टिफिकेट नाकारलं, अशी तक्रार या वेळीही बहुतेक पत्रांत आहे.

प्रश्न : जुनं सर्टिफिकेट रद्द केलं तर कोटा परत मिळतो का?

नाही.

प्रश्न : आमचं डोमेन को.इन आहे. आठवड्याला ५० सर्टिफिकेटांची मर्यादा सगळ्या को.इनवाल्यांत वाटली जाते का?

नाही. ती तुमच्या नोंदणीकृत डोमेनपुरती, त्याच्या सबडोमेनसकट. त्यांची संख्या मोठी असेल तर वाइल्डकार्डबद्दल (सगळ्या सबडोमेनसाठी एकच सर्टिफिकेट) तुमचं डीएनएस, म्हणजे डोमेनच्या पत्त्यांची नोंदवही, सांभाळणाऱ्याशी बोला.

प्रश्न : साइट डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात (कंटेनरमध्ये) चालवणाऱ्या साधनात आहे. कंटेनर नव्याने उभा केला की सर्टबॉट हा प्रोग्रॅम नवं सर्टिफिकेट आणतो. आज सहाव्या वेळी नकार आला. मित्र म्हणतो, सर्टिफिकेटातल्या नावांच्या यादीत एक नाव वाढव, लगेच मिळेल.

मिळेल, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा इथेच याल. तुम्हाला पाच वैध सर्टिफिकेटं मिळाली होती. कंटेनरसोबत तुम्हीच ती पुसलीत, त्यांच्या खासगी किल्ल्यांसकट! नेमक्या त्याच नावांसाठी सात दिवसांत पाचच मिळतात. पुढची संधी साधारण ३४ तासांनी, आणि ही मर्यादा कुणालाही वाढवून मिळत नाही. एका ना-नफा संस्थेची ही मोफत सेवा जगभरच्या साइटांना पुरायची आहे. सर्टबॉटचा ‘लेट्सएन्क्रिप्ट’ फोल्डर कंटेनरबाहेर, कायमच्या व्हॉल्यूमवर (कंटेनर पुसला तरी टिकणाऱ्या जागेत) ठेवा. चाचण्या स्टेजिंगवर, म्हणजे ‘लेट्स एन्क्रिप्ट’च्या चाचणी सर्व्हरवर करा. तिथलं सर्टिफिकेट ब्राउझर मानत नाही, पण मर्यादा खूप सैल आहेत. हे मी किती वेळा लिहिलं आहे! आधी बॅकअपमध्ये जुनी फाइल शोधा, आणि काही पुसण्यापूर्वी सर्व्हर सांभाळणाऱ्याला विचारा.

प्रश्न : होस्टिंगवाला म्हणतो, मोफत सर्टिफिकेट कच्चं असतं, विकतचं घ्या.

एन्क्रिप्शन दोन्हींत तेच. पैशांच्या बदल्यात नेमकं काय जास्त देणार, ते त्याच्याकडून लेखी घ्या आणि पैसे भरण्याआधी जाणकाराला दाखवा.

प्रश्न : मुदत उद्या संपते. डोमेन आमचंच असल्याची पडताळणी फसत राहिली, आता तासभर थांबा म्हणतात. आठवणीचा ईमेलही आला नाही.

ते ईमेल जून २०२५ मध्ये बंद झाले. एका नावासाठी तासाला पाच फसलेले प्रयत्न चालतात, म्हणून तेच बटण दाबत बसू नका. डीएनएसची नोंद आणि ८० क्रमांकाचं पोर्ट तपासा, लॉग जाणकाराला दाखवा. ९० दिवसांचं सर्टिफिकेट मुदतीच्या महिनाभर आधी आपोआप बदललं जायला हवं. तुमचा प्रोग्रॅम ‘एआरआय’ (नूतनीकरण कधी करायचं ते ‘लेट्स एन्क्रिप्ट’लाच विचारण्याची सोय) वापरत असेल, तर त्यातून होणाऱ्या नूतनीकरणाला या मर्यादा लागतच नाहीत. तो वापरतो का, हे आजच विचारून घ्या.