पावसात, खाऱ्या वाऱ्यात आणि उणे चाळीसला चालणारी रायफल कोणती घ्यावी?

प्रश्न : दादा नमस्कार. मी मूळचा देवगडचा, गेली तीन वर्षं कॅनडात प्रिन्स रुपर्टला आहे, पोर्टवर कामाला. इथली आमची गँग दर वर्षी फेरी बोटीने हायडा ग्वाय बेटांवर हरणाच्या शिकारीला जाते. माझा कोर्स झाला, पीएएल म्हणजे बंदूक बाळगायचं लायसन्स आलं, शिकारीसाठी लागणारी कोअरची परीक्षा पण पास झालो. आता पहिली बोल्ट अ‍ॅक्शन रायफल (दर गोळीला हाताने बोल्टचा दांडा ओढून भरायची) घ्यायचीय. दुकानदार म्हणतो डोळे झाकून स्टेनलेस घे, कामावरचे एक आजोबा म्हणतात लाकडी दस्ता (नळी बसवलेला, खांद्याला टेकवायचा भाग) नसेल तर ती रायफलच नव्हे. पुढेमागे उत्तरेला युकॉन प्रांतात बदली होईल असं दिसतंय. पैसे एकदाच घालायचेत, तर असं काय घेऊ की दोन्हीकडे चालेल?
– एक वाचक, प्रिन्स रुपर्ट

उत्तर : नमस्कार. तुम्ही देवगडचे, म्हणजे अर्धं उत्तर तुम्हाला घरूनच माहितीय. श्रावणात पुढचं दार फुगतं, चौकटीला घासतं, खांदा लावल्याशिवाय बंद होत नाही आणि दिवाळीच्या उन्हात आपोआप सुटतं, बरोबर? लाकडी दस्त्याचं सेम तेच होतं. नळी दस्त्यातल्या खाचेत मोकळी असायला हवी, लाकूड पाणी पिऊन फुगलं की ते नळीला एका बाजूने टेकतं, मग गोळी सुटताना नळीला जो कंप येतो तो बदलतो आणि घरून निघताना शंभर मीटरवर नेमकी लागणारी गोळी चार दिवस भिजल्यावर काही इंच बाजूला जाते. तुमचा नेम चांगला असतो, गोळी मात्र हरणाच्या पोटात लागते आणि जनावर तडफडत जंगलात निघून जातं. मला या विषयाची एवढी कळकळ आहे ती याच्यामुळे. रायफल चांगली दिसायला हवी म्हणून नाही, जनावर एका गोळीत पडायला हवं म्हणून.

आता एक गोष्ट आधी डोक्यात घ्या, खराब हवामान म्हणजे एकच प्रकार नाही. प्रिन्स रुपर्टला वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्या रत्नागिरीत याहून जास्त पडतो पण तो चार महिन्यात उरकतो, तुमच्याकडे बारा महिने गळतंय आणि वरून समुद्राची खारी हवा. युकॉनमधे उलट, कोरडी खणखणीत थंडी, पाण्याचा त्रास कमी पण तेल गोठतं, हात बधिर होतात. पहिल्या ठिकाणी शत्रू गंज, दुसऱ्या ठिकाणी शत्रू तेल आणि दव. दोन्हीला पुरेल अशी रायफल मिळते, पण दोन्हीकडे सांभाळायची पद्धत वेगळी.

दस्त्याचं सांगतो. आजोबांचं मन मोडू नका पण तुमच्यासाठी फायबरग्लासचा दस्ता सगळ्यात बरा. अगदी स्वस्तातला प्लास्टिकचा घेतला तर पुढचा भाग हाताने दाबून बघा, दाबल्यावर नळीला टेकत असेल तर नको, झाडाला टेकवून किंवा पट्टा ताणून नेम धरला की तोच त्रास होणार. लॅमिनेट म्हणजे लाकडाचे पातळ थर गोंदात बसवलेले, तो साध्या लाकडापेक्षा खूप टिकतो पण त्यालाही अमरपट्टा नाही. कॅनेडियन रेंजर्सचं उदाहरण बघा. ही उत्तरेतल्या गावांतल्याच माणसांची, बरेचसे इनुइट आणि फर्स्ट नेशन्स हे तिथले मूळ रहिवासी, सैन्याच्या राखीव दलातली तुकडी, १९४७ साली सुरू झाली आणि तेव्हापासून त्यांच्याकडे ली-एनफिल्ड नंबर ४ होती. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर असायची ती थ्री नॉट थ्री याच कुळातली! सत्तर वर्षं ती तिथे टिकली, कारण तिच्या भागांमधे थोडी मोकळीक असते, थोडं बर्फ, थोडी घाण गेली तरी बोल्ट फिरतो. सुटे भाग मिळेनात म्हणून शेवटी बदलावी लागली. नवी आली ती सी-१९, फिनलंडच्या टिक्का टी-३-एक्स वरून कॅनडातच बनवलेली, .३०८ काडतुसाची, स्टेनलेस नळी, लाल लॅमिनेट दस्ता, जाड हातमोजा घालून धरता येईल असा मोठा बोल्टचा गोळा आणि चापाभोवती मोठी कडी. विचार करून केलेली रायफल, तरी सुरुवातीला तिच्या दस्त्यांना चिरा गेल्याच्या तक्रारी आल्याच.

स्टेनलेसबद्दल दुकानदार अर्धंच बोलतोय. स्टेनलेसला गंज उशिरा लागतो, लागतच नाही असं नाही. स्टीलच्या डब्यात मीठ ठेवलं की तळाला ठिपके पडतात, म्हणून तर आई मीठ चिनीमातीच्या बरणीत ठेवते. आणि नळी स्टेनलेस असली तरी आतल्या स्प्रिंगा, पिना, स्क्रू बऱ्याचदा साध्या पोलादाचे असतात, गंज तिथून सुरू होतो. तरी तुमच्या किनाऱ्यावर मी स्टेनलेसच घ्या म्हणेन, काळ्या-निळ्या पॉलिशची रायफल तिथे एका रात्रीत तांबूस होते. फेरीवरून उतरलात की संध्याकाळी दस्ता काढायचा, नळी गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसायची, कोरडी करायची, दस्त्याखाली जो भाग जातो तिथे फर्निचरचं मेण चोळायचं. हे काम आळस न करता केलं तर रायफल तुमच्या मुलाला देता येईल.

थंडीचं मी स्वतः भोगलंय ते सांगतो. युकॉनमधे ऐशिहिक तलावाच्या बाजूला हिवाळ्यात बायसनची, म्हणजे तिकडच्या रानगव्याची, शिकार चालते, माझी पहिलीच खेप, बाहेर उणे पस्तीस आणि तंबूत शेगडी. रात्री रायफल प्रेमाने तंबूत घेतली. गार लोखंड उबदार हवेत आलं की त्याला घाम फुटतो, एसी गाडीतून मे महिन्यात मालवणात उतरलं की चष्मा धुकटतो ना तसंच. पहाटे ती तशीच बाहेर काढली, आतलं पाणी गोठलं. दोनशे पावलांवर कळप, बर्फ उकरत शांत उभा, नाकातून वाफा निघतायत, आणि माझ्या बोल्टचा दांडा वर उचलत नाही. दोन्ही हातांनी ओढून कसाबसा सुटला, मग चाप दाबला तर नुसता टक्. आतल्या ग्रीसचा लगदा झालेला, पिनेने काडतुसाच्या बुडाला जेमतेम खूण केली होती. खोबरेल तेलाची बाटली पुण्याच्या डिसेंबरात गोठते तर उणे पस्तीसला साध्या ग्रीसचं काय होणार? तेव्हापासून हिवाळ्याआधी बोल्ट उघडून आतलं सगळं तेल धुवून काढतो, ग्राफाइटची कोरडी पूड लावतो किंवा थंडीसाठीचं पातळ सिंथेटिक तेल अगदी बोटाच्या टोकाएवढं. आणि रायफल रात्री बाहेरच, खोक्यात.

मॉडेलचं विचाराल तर मला रुगर हॉकआय नाहीतर विंचेस्टर ७० स्टेनलेसमधली आवडते. दोन्हीत जुन्या माउझर ९८ रायफलीसारखा लांब पंजा असतो, काडतूस मॅगझिनमधून वर आलं की पंजा त्याची कड पकडतो आणि बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही, त्यामुळे बधिर हाताने बोल्ट अर्धवट मारला तरी दोन काडतुसं एकात एक अडकत नाहीत. टिक्काला असा पंजा नाही, पण तिचा बोल्ट लोण्यासारखा चालतो आणि नेम सुंदर, ती घेतलीत तरी मी नाही म्हणणार नाही. चाप बंदिस्त डबीतला असेल तर त्यात पाणी शिरून गोठतं, उघडा साधा चाप बरा. काडतूस .३०८ किंवा .३०-०६, छोट्यातल्या छोट्या गावच्या दुकानात मिळतं, फॅन्सी नंबर घेऊन उत्तरेत अडकू नका.

दुकानात जाताना तुमचे हिवाळ्याचे हातमोजे सोबत न्या. रायफल रिकामी आहे हे दुकानदाराने दाखवलं तरी स्वतः बघा, मग हातमोज्यातच बोल्ट, सेफ्टीचा खटका, मॅगझिनची कळ सगळं करून बघा, जे जमत नाही ते जंगलातपण जमणार नाही. पावसात नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी एक थर लावा, गोळीच्या पुढची हवा ती उडवून देते, नेमाला धक्का लागत नाही. पण नळीत बर्फ किंवा चिखल गेला असेल असं वाटलं तर काडतुसं काढून आधी नळी तपासायची, अडलेल्या नळीतून गोळी झाडली तर नळी फुटते आणि डोळे जातात. इथे घाई नको म्हणजे नकोच.

प्रश्न : आम्ही युकॉनमधे व्हाइटहॉर्सला असतो. मिस्टर शिकारीहून आले की रायफलवरच्या दुर्बिणीच्या काचेवर धुकं येतं. आत पाणी गेलं का? बदलायची का?
– एक वाचक

उत्तर : ताई, धुकं बाहेरून येत असेल आणि रुमालाने पुसलं जात असेल तर काही झालं नाहीये. आतल्या बाजूने असेल तर सील गेलंय, चांगल्या दुर्बिणीत नायट्रोजन भरलेला असतो, तो निघून गेला की पुसून उपयोग नाही, कंपनीकडेच पाठवा. आणि मिस्टरांना सांगा, रायफल रिकामी करून कुलूपबंद केसमधे, कुलूप असलेल्या गार गॅरेजमधे आधी ठेवा. घरात आणायची तर केस न उघडता आणा आणि काही तास तशीच राहू द्या, म्हणजे दव केसच्या बाहेर धरेल.

प्रश्न : मी यवतमाळचा शेतकरी. रानडुकरं कपाशी आणि तूर लोळवतात. वर सांगितलेल्यातली कोणती रायफल इथे घेता येईल?
– एक वाचक

उत्तर : भाऊ, कुठलीच नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, सरकारी परवानगीचे मोजके अपवाद सोडले तर, आणि ती परवानगी वनखात्याकडून रीतसर घ्यावी लागते. आधी नुकसानीचा पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात द्या, पिकाचे फोटो त्याच दिवशी काढा, दोन दिवसांनी खुणा राहत नाहीत.