आई-बाबांनी राहतं घर रिव्हर्स मॉर्गेजला (म्हणजे घर तारण ठेवून बँकेकडून ठरावीक काळाने पैसे घेण्याच्या कर्जाला) दिलं तर ते बँकेचं होतं का?

नाही, मालकी आई-बाबांचीच राहते. घर फक्त तारण असतं आणि दोघांपैकी शेवटची व्यक्ती हयात असेपर्यंत कर्ज सहसा फेडावं लागत नाही. नॅशनल हाउसिंग बँक या गृहकर्ज क्षेत्रातल्या सरकारी संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूळ अट अशी: वय ६० पूर्ण, घर स्वकष्टार्जित आणि स्वतः राहतं. वडिलोपार्जित वाड्यावर हे कर्ज मिळत नाही. बँक दरमहा किंवा तिमाहीला पैसे देते आणि ते कर्जाची रक्कम असल्याने त्यावर आयकर नसतो. दोघांच्या पश्चात वारसांनी व्याजासह रक्कम भरली तर घर त्यांना मिळतं. नाही भरली तर बँक घर विकते, वरचे पैसे वारसांना देते; विक्रीतून कमी आले तरी वारसांच्या खिशाला हात लावत नाही.

पण मुदत नीट बघा, इथेच लोक फसतात. ती जास्तीत जास्त २० वर्षं असते. ६२ व्या वर्षी १५ वर्षांसाठी घेतलं तर ७७ व्या वर्षी पैसे येणं थांबतं. घरात राहता येतं, पण औषधपाण्याचा खर्च तेव्हाच वाढलेला असतो आणि चक्रवाढ व्याज मागे चालूच राहतं. म्हणून निदान थोडं पेन्शन असेल तरच घ्या, असं माझं मत.

आणि हो, मालमत्ता कर, घराचा विमा, दुरुस्ती आई-बाबांकडेच. मुलांकडे परदेशी जाऊन सलग वर्षभर घर बंद ठेवलं, तरीही बँक कर्ज परत मागू शकते.