७४ व्या वर्षी सिमेंटलेस खुबा बसवला तर ८-१० वर्षांनी काय स्थिती असते?

वडील ७४ चे आणि डॉक्टरांनी सिमेंटलेस सांगितलंय, म्हणून विचारताय. आधी माझं ऐका. एव्हीएनमुळे (रक्तपुरवठा तुटून खुब्याचं हाड मरतं, त्यामुळे) माझा डावा खुबा त्रेचाळिसाव्या वर्षी बदलला, तोही सिमेंटलेस, म्हणजे हाडाचं सिमेंट न वापरता बसवलेला. आता अकरा वर्षं झाली. सुरुवातीचे काही महिने खुर्चीतून उठताना मांडीच्या मध्यावर ठणका लागायचा. धातूचा दांडा हाडात घट्ट ठोकून बसवतात, त्याच्या खरबरीत पृष्ठभागात हाड वाढून तो धरला जाईपर्यंत असं काहींना होतं. पुढे ठणका गेला. शेवटच्या एक्स-रेत दांडा तसूभरही हललेला नाही. शेतावर जातो, जिना चढतो. मांडी घालून मात्र बसत नाही, पंगतीत खुर्ची मागतो.

त्यामुळे घरात सिमेंटलेस म्हणजे भारी आणि सिमेंट म्हणजे गरिबांचं, असं ठरून गेलं. ठरवलं आमच्या दादानं. आई ७९ ची असताना न्हाणीघरात पडून खुबा मोडला, तेव्हा सर्जन म्हणाले, हाड ठिसूळ आहे, दांडा सिमेंटनं बसवू. दादा दवाखान्याच्या जिन्यात माझ्यावर तडकला, "स्वतःला भारीतला आणि आईला स्वस्तातला?" मी सर्जनच्या बाजूनं उभा राहिलो. ठिसूळ हाडात दांडा ठोकताना, किंवा नंतर थोडं पडलं तरी, मांडीचं हाड दांड्याभोवती चिरू शकतं, आणि सिमेंटलेसमध्ये हा धोका जास्त. ब्रिटन, स्वीडनच्या सांधेबदलाच्या राष्ट्रीय नोंदवह्या वर्षानुवर्षं हेच दाखवतात: पंचाहत्तरीपुढे सिमेंटचा दांडा कमी वेळा पुन्हा उघडावा लागतो. आई दुसऱ्या दिवशी वॉकर धरून पूर्ण भार टाकून उभी राहिली.

तुमच्या ८-१० वर्षांबद्दल: बहुतेकांचा सांधा तोवर उत्तम चालतो. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात १५ वर्षांनी १०० पैकी ८९ खुबे टिकलेले होते, पण त्यात सगळे प्रकार धरलेत. या टप्प्यावर बिघडलंच तर दांड्यापेक्षा घासणाऱ्या भागाकडे बघा. लायनर (कपाच्या आतलं अस्तर) क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीनचा, म्हणजे कमी झिजणाऱ्या प्लॅस्टिकचा आहे का, हे विचारा. जुन्या प्लॅस्टिकची झीज होऊन हाड पोखरायचं आणि बोल लागायचा सिमेंटला.

माझं स्पष्ट मत: ७४ ला दांडा सिमेंटचा मागा, कप (कमरेच्या हाडातल्या खोबणीत बसणारा भाग) सिमेंटलेस चालेल. त्याला हायब्रिड म्हणतात. हाडाची घनता चांगली निघाली आणि सर्जनचा हात सिमेंटलेसवरच बसलेला असेल, तर हट्ट धरू नका.

आणि हो, सिमेंट भरताना कधीकधी रक्तदाब एकदम कोसळतो. हृदयाचं किंवा फुप्फुसाचं दुखणं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा. दादानं त्या दिवशी हा मुद्दा काढला असता तर मी ऐकून घेतलं असतं. त्यानं काढला बिलाचा.