द्राक्षवेलीला मातीची भर कशासाठी?

प्रश्न : न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्स भागात थंडीपूर्वी रिझलिंग या द्राक्षजातीच्या वेलींना मातीची भर लावतात. का?

उत्तर : कलमाचा सांधा, म्हणजे वरची जात खालच्या मुळांच्या खुंटाला जोडलेली जागा, वाचवण्यासाठी. पारा उणे २० अंश सेल्सिअसच्या खाली गेला की काडीवरचे डोळे (सुप्त कळ्या), कधी खोडही मरते. सांध्यावरचा थोडा भाग मातीखाली जिवंत राहिला, तर तिथून नवे खोड धरता येते. सांधाच गेला तर उरतो नुसता खुंट! वसंतात भर काढायलाच हवी, नाहीतर वरच्या जातीला स्वतःची मुळे फुटतात आणि ती मुळे फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीला बळी पडतात. भर काढताना नांगराचा फाळ खोडाला लागू देऊ नका. जखमेतून गाठीचा रोग शिरतो.

छाटणीआधी शंभरेक डोळे तपासा. काड्या दोन दिवस घरात ठेवून ब्लेडने डोळ्याचा आडवा काप घ्या. मधला मुख्य अंकुर हिरवा असेल तर जिवंत, तपकिरी असेल तर मेलेला. शंभरात तीस मेले असतील, तर राखायचे डोळे त्या हिशेबाने वाढवा. शेजारचा दुय्यम अंकुर फुटतो खरा, पण घड कमीच देतो.

याच भागातला सेनेका तलाव १८८ मीटर खोल असल्याने सहसा गोठत नाही. काठालगतच्या उतारांना त्याची ऊब मिळते, पण भर तिथेही लावतात.