पंचवटीने मुंबई, इमॅजिका आणि कार्डावर भरलेला विमा

प्रश्न : वय ४०, सातपूरच्या कंपनीत सुपरवायझर आहे. हातात ५८ हजार येतात, पत्नी घरी शिकवण्या घेते, तिचे ८ हजार. मुलगा १३ वर्षांचा, मुलगी ८. दिवाळीच्या सुट्टीत शनिवारी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई आणि रविवारी इमॅजिका थीम पार्क असा बेत आहे. खर्चाचा अंदाज २४ हजार. त्यासाठी म्युच्युअल फंडात दरमहा जाणारी ५ हजारांची एसआयपी चार-पाच महिने थांबवावी, की कार्डावर १२ महिन्यांचा ईएमआय करावा? ४० हजार बोनस मिळेल, पण डिसेंबरात विम्याचा ९६ हजारांचा हप्ता आहे, त्यासाठी तो राखून ठेवला आहे. हप्त्याची बाकीची रक्कम नेहमीप्रमाणे कार्डावर टाकेन. कार्डावर सध्या १ लाख ४६ हजार बाकी आहेत, मात्र मिनिमम ड्यू (दरमहा भरावीच लागणारी किमान रक्कम) एकदाही चुकवलेला नाही. १,९०० पॉइंट्स साठलेत, त्यात पार्कची तिकिटं येतील का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : पॉइंट्सचं आधी सांगून टाकतो. तुमच्या कार्डावर एका पॉइंटचे २५ पैसे मिळतात, म्हणजे १,९०० पॉइंट्सचे ४७५ रुपये. एवढ्यात इमॅजिकाचं एक तिकीटही येत नाही, आत गेल्यावर फार तर दोघांचं खाणं होईल. आणि हे ४७५ रुपये जमवताना तुम्ही महिन्याला ६ हजार मोजताय.

सहलीला जरूर जा. पण सहलीच्या २४ हजारांवर तुम्ही अर्धं पत्र खर्च केलंत आणि १ लाख ४६ हजारांना एक ओळ दिलीत, म्हणून मी तुमच्याकडून कार्डाचं स्टेटमेंट, पॉलिसीचे कागद आणि फंडाचा हिशेब मागवून घेतला. हे उत्तर मुख्यतः त्या कागदांबद्दल आहे.

कार्डावर व्याज महिन्याला साडेतीन टक्के. १ लाख ४६ हजारांवर ५,१०० रुपये झाले. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, आणखी ९००. एकूण ६ हजार. तुम्ही दरमहा भरता साडेसात हजार, म्हणजे मुद्दल उतरतं दीड हजाराने. आणि दोन्ही गाड्यांचं पेट्रोल कार्डावर जातं, तेही दीड हजाराचंच. आता कळलं ना, वर्षभर आकडा जागचा का हलत नाही? आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. वर्षाचे ७२ हजार असे जातात. तुमच्याच अंदाजाने तेवढ्यात तीन सहली होतात.

पेट्रोलचं आणखी एक आहे. पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी ही सवलत बिल पूर्ण फेडणाऱ्याला असते. थकबाकी ओढणाऱ्याला पंपावर कार्ड घासलं त्या दिवसापासून व्याज लागतं. फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबेल, ही सूचना स्टेटमेंटवर छापण्याची सक्ती रिझर्व्ह बँकेने केलेली आहे. तुमच्या स्टेटमेंटवर ती आहे. दुसऱ्या पानाच्या तळाशी, दिवाळी ऑफरच्या जाहिरातीखाली. मिनिमम ड्यू वेळेवर भरला म्हणजे लेट फी टळली आणि क्रेडिट स्कोअर शाबूत राहिला, एवढंच. कर्ज फिटत नाही. असं वक्तशीर गिऱ्हाईक बँकेला फार आवडतं.

हे कर्ज झालं कशामुळे? मला वाटलं होतं टीव्ही, फ्रिज, लग्नकार्य असं काही असेल. स्टेटमेंटं मागे चाळत गेलो तर दोन डिसेंबरात दोन मोठ्या नोंदी सापडल्या, दोन्ही ९६ हजारांच्या. विमा!

तीन वर्षांपूर्वी तुम्ही एक लाखाची एफडी नूतनीकरणाला बँकेत गेलात आणि पॉलिसी घेऊन बाहेर पडलात. पहिला हप्ता त्या मोडलेल्या एफडीतून गेला. पुढचे दोन कार्डावर, त्यातला थोडा भाग बोनसमधून फिटला. काउंटरवर तुम्हाला सांगितलं गेलं, ‘दहा वर्षं ९६ हजार भरायचे, विसाव्या वर्षी २२ लाख गॅरंटीड. दुपटीहून जास्त! शिवाय करही वाचतो.’ दुप्पट ऐकलं की माणूस वर्षं मोजत नाही, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. मोजा. दहा वर्षं भरून विसाव्या वर्षी २२ लाख म्हणजे वर्षाला साधारण साडेपाच टक्के. जी एफडी मोडलीत तिच्यातही फार कमी मिळत नव्हतं, आणि तिथे पैसे वीस वर्षं अडकले नसते. कराचं म्हणाल, तर तुमचं वर्षाचं वेतन आठ लाखांच्या घरात. एप्रिल २०२५ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. जो कर भरायचाच नाही तो वाचवण्यासाठी ९६ हजार?

म्हणजे झालं असं : साडेपाच टक्के मिळवायला तुम्ही पैसे उचलले कार्डावरून, जिथे जीएसटी धरून वर्षाला पन्नास टक्क्यांच्या आसपास पडतात. तुम्ही हिशेबी माणूस आहात, सहलीचा रिक्षाभाड्यापर्यंतचा तक्ता पाठवलात. पण सहल हा खर्च आणि पॉलिसी ही बचत, असं मनात पक्कं बसलेलं असल्यामुळे हप्त्याला कुणी प्रश्नच विचारला नाही.

आणि विमा म्हणून पाहिलं तर काय आहे? उद्या तुम्हाला काही झालं तर घरच्यांना मिळणार ९ लाख ६० हजार. घरखर्च महिन्याला ४० हजार. दोन वर्षं. त्यानंतर मुलगी असेल दहा वर्षांची.

आता करायचं काय. कार्ड आधी. तुमच्या एसआयपीत चार वर्षांचे २ लाख ४० हजार गेले आणि आज तिथे २ लाख ९० हजार आहेत. त्यातले दीड लाख काढा आणि कार्ड एकदाच शून्यावर आणा. फंडवाल्याने तुम्हाला ‘एसआयपी मोडायची नसते, पंधरा टक्के कुठे गेले नाहीत’ असं सांगून ठेवलंय. पंधरा टक्के त्याने कुठून आणले कोण जाणे. मी माझ्या हिशेबात इक्विटीला, म्हणजे शेअरमधल्या गुंतवणुकीला, दहा-अकराच्या पुढे धरत नाही. पण त्याचे पंधरा मान्य केले तरी पन्नासपुढे पंधरा कुठे लागतात? फंडातून पैसे काढताना सगळ्यात जुनी युनिट्स आधी निघतात, ती वर्षापेक्षा जुनी आहेत, त्यामुळे तुमच्या फंडात एक्झिट लोड, म्हणजे पैसे काढण्याचं शुल्क, नाही. नफा पंचवीस-तीस हजारांचा, आणि इक्विटीत वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर कर लागत नाही. खर्च शून्य. एसआयपी चालू राहू द्या. कार्डात जाणारे साडेसात हजार मोकळे झाले की त्यातले दीड हजार पेट्रोलला ठेवून सहा हजारांची आरडी (बँकेतली आवर्ती ठेव) सुरू करा. दोन वर्षांत काढलेले दीड लाख परत उभे राहतील, आणि मधल्या काळात घरात कुणी आजारी पडलं तर हाताशी काहीतरी असेल. पेट्रोल यूपीआयने. कार्ड कपाटात.

मग टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा. एक कोटीचा, साठाव्या वर्षापर्यंत. चाळिशीत, व्यसन नसेल तर वर्षाला पंधरा-वीस हजारांत बसतो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावर जीएसटीही नाही. ‘हप्ते परत मिळणारा’ टर्म प्लॅन दाखवतील, तो घेऊ नका. फॉर्ममध्ये रक्तदाब, साखर, तंबाखू जे असेल ते खरं लिहा.

टर्मची पॉलिसी हातात पडल्यावर जुनीचा चौथा हप्ता भरू नका. आधी नाही. हा क्रम उलटा करू नका.

इथे एक सांभाळा. हे सगळं वाचून चिडून पॉलिसी सरेंडर करायला, म्हणजे मोडून पैसे परत घ्यायला धावाल. तीन हप्त्यांत २ लाख ८८ हजार गेले आहेत आणि सरेंडर केलीत तर हमखास असे लाखभरच हाती येतील, कंपनीने दिले तर थोडे जास्त. त्यापेक्षा ती पेड-अप करा. पुढचा हप्ता भरायचा नाही, पॉलिसी आटलेल्या रकमेने चालू राहते. दहापैकी तीन हप्ते भरले, तर ढोबळमानाने २२ लाखांचे तीन दशांश, साडेसहा लाख, मुदतीअखेर मिळतील. आजचे लाखभर घेऊन पीपीएफ या सरकारी बचत योजनेत ७.१ टक्क्यांनी सतरा वर्षं ठेवलेत तर होतात सव्वातीन लाख. तेव्हा भरलेलं आहे ते तिथेच राहू द्या. उरलेले सात हप्ते पॉलिसीत घातलेत तर त्यांचे पंधरा-साडेपंधरा लाख होतील, तेच पीपीएफमध्ये साडेसतरा-पावणेअठरा. फरक डोळे दिपवणारा नाही, पण पीपीएफमध्ये ज्या वर्षी जमत नाही त्या वर्षी पाचशे रुपये भरले तरी खातं चालू राहतं, कार्ड घासावं लागत नाही. पेड-अपची नेमकी रक्कम पॉलिसीप्रमाणे बदलते; माझा अंदाज धरून चालू नका, कंपनीकडून लेखी घ्या.

बोनसचे ४० हजार यामुळे मोकळे झाले. १८ हजार टर्म प्लॅनला, २० हजार सहलीला. एसआयपी थांबवायला नको, ईएमआय तर नकोच. तसा ईएमआय स्वतः फार महाग नाही, २४ हजारांवर वर्षभरात अडीच हजार जास्त जातात. पण त्याचा हप्ता मिनिमम ड्यूमध्ये पूर्ण मिळवला जातो, तुमचा साडेसात हजारांचा नेम मोडतो आणि गाडी पुन्हा त्याच रुळावर.

२४ चे २० कसे करायचे? तुमच्या तक्त्यात मुंबई-इमॅजिका-कल्याण खासगी गाडीचे ६ हजार आहेत. ती गाडी काढा. सीएसएमटीहून खोपोली लोकल मिळते, नाहीतर कर्जतला बदला. पार्क खोपोली-पाली रस्त्यावर आहे, स्टेशनहून रिक्षा. खोपोलीच्या गाड्या मोजक्याच आहेत, वेळ आधी पाहून ठेवा, नाहीतर कर्जतच्या फलाटावर वडापाव खात तास जाईल. सामान दोन पाठीवरच्या पिशव्यांपुरतं ठेवा. पार्कच्या तिकिटांत काटकसर करू नका, मात्र सुट्टीचा दर वेगळा असतो, तारीख टाकूनच पाहा.

परतीलाही तुम्ही पंचवटीच धरली आहे. ती सव्वासहाला सीएसएमटी सोडते, तासाभराने कल्याण. ती पकडायची तर पार्कातून चारच्या आत निघावं लागेल. चौघांचं दिवसभराचं तिकीट काढायचं आणि मुलं रंगात आली की त्यांना ओढत बाहेर आणायचं, याला काटकसर म्हणत नाहीत. रविवारी रात्रीची अमरावती एक्स्प्रेस घ्या. स्लीपरचे चार-पाचशे जास्त जातील, ते जाऊ द्या. आरक्षण साठ दिवस आधी खुलं होतं आणि दिवाळीचं लगेच भरतं. जातानाची पंचवटी मात्र सेकंड सिटिंगचीच ठेवा. शनिवारी राणीची बाग, पेंग्विन आणि मरीन ड्राइव्ह यांत खर्च नावालाच आहे.

डिसेंबर आला की बँकेतून फोन येईल. ‘सर, तीन वर्षं भरलेत, आता बंद केलंत तर मोठं नुकसान आहे.’ तीस दिवसांच्या वाढीव मुदतीतही येतील, शेवटच्या आठवड्यात रोज. पाच वर्षांत पॉलिसी पुन्हा चालू करता येते, त्यामुळे ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ यात तथ्य नाही. त्यांच्याशी वाद घालत बसू नका. आजच विमा कंपनीला, बँकेला नव्हे, ईमेल करा : पॉलिसी क्रमांक, आणि एकच ओळ, ‘चौथा हप्ता न भरल्यास मुदतीअखेर किती रक्कम मिळेल ते लेखी कळवावे.’ उत्तर आलं की मला पाठवा.