जुनी एमजीबी, रुंद टायर

प्रश्न : माझ्या १९७१च्या एमजीबीला (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) १६५ मिमी रुंदीच्या टायरऐवजी १८५ मिमीचे (१८५/७० आर १४) टायर आणि मागे स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी, चाकामागची चकती) बसवू का? – एक वाचक, दादर

उत्तर : टायर बसवा, स्पेसर नको. व्यासात जेमतेम ५ मिमी फरक पडतो, स्पीडोमीटर बिघडत नाही. पण मागचं डावं चाक नीट बघा, या गाडीत बहुतेकदा तिथेच जागा कमी असते. डिकीत वजन टाकून स्पीडब्रेकरवरून न्या, मडगार्डला घासल्याच्या खुणा शोधा.

स्पेसर घातला की स्टडवर (चाक ज्यांवर बसतं त्या बोल्टवर) नटाचे आटे कमी चढतात. लालबागच्या माझ्या गॅरेजात आलेल्या एका गाडीचे नट चारच आट्यांवर होते. मी ती बाहेर जाऊच दिली नाही. शिवाय बेअरिंगवर ताण येतो, त्यात आपले पावसाळी खड्डे! तारांची चाकं असतील, तर स्पेसरचा विषयच सोडा.